आमचे टायपिस्ट नागोराव

वाद्यावरून केलेली थट्टा सगळे वाजवणारे सारखी घेत नाहीत. चाळीस वर्षं गायन पार्टीत बसून मी एवढं एक शास्त्र शिकलो. आमचा गायक इंद्रजित पेटी वाजवायचा. त्याला कुणी म्हटलं, ‘लोहाराचा भाता बरा चालवता’, की तो तोंड फुगवायचा. फुलसावंगीला या एका वाक्यावरून तो अर्धा तास गायलाच नाही; मंडळाच्या लोकांनी चहा पाजून, हातापाया पडून त्याला परत पेटीवर बसवला. मी ढोलकवाला. मला लोक म्हणत, ‘गुरुजी, तुमचं वाद्य बिचारं दोन्हीकडून मार खाते.’ मी म्हणायचो, ‘वाद्यच खाते. तुमच्या घरचं तुम्ही पाहा.’ तेवढ्यावर मिटायचं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होतो, उलट उत्तरं ऐकायची आणि द्यायची, दोन्ही सवयी होत्या.

नागोरावचं तिसरंच. तो थट्टेला साथ द्यायचा.

नागोराव बेंजो वाजवायचा. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो: लाकडाची लांबट पेटी, तिच्यावर तारा, आणि तारांवर टाइपरायटरसारखी गोल बटणं. डाव्या हाताच्या बोटांनी बटणं दाबायची, उजव्या हातातल्या नखीनं तारा छेडायच्या. आमच्या भागात भीमगीतांची पार्टी बेंजोशिवाय पुरी होत नाही. दिसायला मात्र तो टाइपरायटरच, आणि म्हणून पहिल्याच वर्षी इंद्रजितनं माइकवरून त्याची ओळख करून दिली: ‘हे आमचे टायपिस्ट नागोराव. ज्याचं ज्याचं तहसीलीत काम अडून राह्यलं असंल, त्यानं प्रोग्राम झाल्यावर अर्ज लिहून घ्या.’ लोक हसले. नागोराव क्षणभर खाली मान घालून बसला. मग त्यानं नखी बाजूला धरली, नुसती बटणं दाबली, खट खट खट खट, ओळ संपल्यावर सर्वांत उंच तार एकदाच छेडली, टिंग, आणि बेंजो झटक्यात उजवीकडे सरकवला, टायपिस्ट मशीनचा रूळ सरकवतो तसा. मंडप डोक्यावर घेतला लोकांनी.

तो दिवस आणि शेवटचा दिवस, यांच्यामध्ये हा प्रकार किती वेळा झाला ते मोजणं शक्य नाही. ढाणकी, उमरखेड, महागाव, पार केळापूरपर्यंत आम्ही गायलो, आणि जिथं गेलो तिथं लोक गाण्याआधी टायपिस्ट मागायचे. पुढं पुढं ‘टिंग’ लोकच म्हणायला लागले.

नागोरावनं उमरखेडला टायपिंगचा क्लास केला होता हे पार्टीत फक्त मला माहीत होतं. मिनिटाला तीस शब्दांची मराठी टायपिंगची परीक्षा तो पास झाला होता. यवतमाळला मुलाखतीला जाऊन आला, यादीत नाव आलं नाही. पुन्हा गेला, पुन्हा आलं नाही. ते प्रमाणपत्र चार घड्या घालून बेंजोच्या पेटीत, खालच्या कापडाखाली ठेवलेलं मी एकदा पाहिलं. त्यानं माझ्या हातातून ते काढून घेतलं आणि म्हणाला, ‘इंद्रजितले सांगू नको. बिचारा शरमिंदा होईन.’ हे असलं माणूसपण बघून मला रागच येतो. त्याचाही आणि माझाही, कारण मी खरंच कुणाला सांगितलं नाही आणि पुढची सगळी वर्षं थट्टेच्या वेळी ढोलकवर थाप देत राहिलो.

दुसरी गोष्ट त्याच्या बापाची. धम्मदीक्षेनंतर आमच्या लोकांनी गावकीची कामं टाकली, त्यात दुसऱ्यांच्या लग्नात डफडं वाजवणंही टाकलं. नागोरावच्या बापानं आपलं डफडं स्वतः फोडलं होतं. पोरगा बेंजो घेऊन घरी आला तेव्हा म्हातारा चार दिवस बोलला नाही. पाचव्या दिवशी म्हणाला, ‘पुन्हा लोकायनं हसावं म्हणून वाजवशीन काय?’ नागोराव म्हणाला, ‘नाही बा. हे आपल्या गाण्यासाठी हाय.’ म्हातारा आमचा एकही कार्यक्रम बघायला आला नाही. आला असता तर काय बघितलं असतं, ते मी वर सांगितलंच आहे.

नागोरावला एकच मुलगी, दीपमाला. उमरखेडला दिली आहे. कुणीतरी टायपिस्टचा प्रकार मोबाइलवर घेतला आणि तो फिरत फिरत तिच्या सासरी पोचला. जेवायला बसलं की दीर ताटावर चमचा वाजवायचा, खट खट खट, आणि सासू म्हणायची, ‘टिंग.’ वाईट लोक नव्हते ते. हसायला आवडतं त्यांना, बाकी काही नाही. पण दीपमालाला दोन वर्षं रोज हे जेवणासोबत गिळावं लागलं. दोन वर्षांपूर्वी, जानेवारीत, ती माहेरी आली तेव्हा मी तिथंच बसलो होतो. आम्हाला चहा दिला आणि बापासमोर खाली बसली.

‘बाबा, रमाई जयंतीले ढाणकीत दुय्यम हाय नं तुमचा?’

‘हाय.’

‘माही सासू येऊन राह्यली. मीबी येतो. एकदा तरी ते टायपिस्टचं करू नका. आजीची चाल वाजवा. सरळ. एकदा त्यायले आयकू द्या का माहा बाप काय वाजवते.’

नागोरावनं तिच्याकडं बघितलं आणि कप खाली ठेवला. म्हणाला, ‘तुले एवढं लागते हे मले काहून नाही सांगतलं?’

‘तुमीच हसता त मी काय सांगू?’

आजीची चाल म्हणजे नागोरावची आई, पंचफुलाबाई, जात्यावर म्हणायची ती. शब्द आता कुणालाच धड आठवत नाहीत. नागोरावला सूर आठवत होते. त्या दिवसापासून महिनाभर मी रोज संध्याकाळी त्याच्याकडं ढोलक घेऊन जायचो आणि आम्ही ती चाल बसवायचो. विचित्र चाल होती. जात्याचा फेरा पुरा होताना बाईचा हात जड होतो, तसा तिचा ठेका प्रत्येक ओळीच्या शेवटी अडखळायचा: तीन जवळजवळ, एक लांब, मग पुन्हा दोन. पहिल्या आठवड्यात माझी थाप नेमकी तिथं चुकायची. नागोराव वाजवणं थांबवून माझ्याकडं बघायचा, बोलायचा नाही. थाप बरोबर पडेपर्यंत तो त्या लांब जागेवर थांबून राहायचा. तेवढा कडक मी त्याला कधी बघितला नव्हता. बासष्ट वर्षांचा माणूस, रक्तदाबाच्या गोळ्या कधी घ्यायचा कधी नाही, पण त्या महिन्यात तो दहा वर्षांनी लहान दिसायचा.

जयंतीच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं इंद्रजितकडं गेलो. नागोराव म्हणाला, ‘इंद्रजित, उद्या टायपिस्टचं नको. माही पोरगी येऊन राह्यली सासूले घेऊन.’

इंद्रजित हसला. मग नागोरावचा चेहरा बघून हसायचा थांबला. पेटीवर हात ठेवून म्हणाला, ‘नाही करत. शब्द देतो तुले.’ त्यानं तो मनापासून दिला होता. मी त्याला लहानपणापासून ओळखतो.

दुय्यम म्हणजे दोन गायन पार्ट्यांचा सामना. एका मंडपात समोरासमोर दोन स्टेज, एकानं गाऊन सवाल टाकायचा, दुसऱ्यानं गाऊन जबाब द्यायचा, आणि मध्ये मध्ये एकमेकांची खेचायची. त्यात सगळं माफ असतं. एकच नियम कडक: बैठक मोडायची नाही. सामना सुरू झाला की संपेपर्यंत कुणी जागेवरून उठत नाही. ज्याचा माणूस उठला त्याची पार्टी हरली. आम्ही जुने लोक तर दुपारपासून पाणीसुद्धा बेतानं पितो. पूर्वी रात्रभर चालायचं. आता पोलीस दहाला बंद करायला लावतात म्हणून ढाणकीत दुपारी चारला सुरू झालं.

समोर पुसदकडच्या रुपालीची पार्टी होती. पंचविशीतली पोरगी, आवाज खणखणीत आणि जीभ त्याहून धारदार. तिच्या पार्टीत बेंजोच नव्हता, कीबोर्ड होता. मंडप भरलेला. बायकांच्या बाजूला पुढून तिसऱ्या रांगेत दीपमाला पांढऱ्या साडीत बसली होती, शेजारी सासू. नागोरावनं दोनदा तिकडं बघितलं आणि माझ्याकडं बघून मान हलवली.

साडेपाचच्या सुमारास रुपालीनं सवाल टाकला आणि जाता जाता म्हणाली, ‘इंद्रजितदादा, आमी ऐकलं तुमी संगं तहसीलीतला बाबू घेऊन फिरता. कॉम्प्युटरच्या जमान्यात टाइपरायटर कायले वागवता? भंगारवाला घेत नाही काय?’

मंडप हसला. इंद्रजितनं गाण्यात जबाब द्यायचा होता. त्याचा जबाब तयारही होता, मला माहीत आहे. पण समोर हजारभर लोक हसताना बघितले की गायकाचं डोकं त्याचं राहत नाही. तोंडात बसलेलं वाक्य आपोआप बाहेर पडलं.

‘बाबू,’ तो माइकवर म्हणाला, ‘बाईले एक अर्ज टाइप करून दाखव बरं.’

बोलल्याबरोबर त्याला कळलं. त्याचा चेहरा पडला, मी बाजूलाच होतो. नागोरावनं त्याच्याकडं बघितलं. रागानं नाही, रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. मग त्यानं माझ्याकडं बघितलं आणि डोळ्यांनीच सांगितलं, सुरू कर. मी आजीच्या चालीचा ठेका धरला.

नागोराव वाकला आणि वाजवायला लागला. दोन ओळी. मी चाळीस वर्षं त्याच्या शेजारी बसलो, पण तसा बेंजो मी ऐकला नव्हता. त्या प्लास्टिकच्या बटणांतून जात्याची घरघर येत होती. हसणारा मंडप बघता बघता गप्प झाला. म्हाताऱ्या बायकांनी पदर तोंडाशी नेले. समोर रुपालीसुद्धा माइक खाली करून ऐकत होती. दीपमालाच्या सासूनं तिच्या मांडीवर हात ठेवलेला मला दिसला.

तिसऱ्या ओळीला सूर थांबला.

नखी त्याच्या हातातून सुटून माझ्या गुडघ्याजवळ पडली. उजवा हात मांडीवर घसरला. डावा हात चालूच होता. तारा छेडल्याशिवाय बेंजोतून सूर निघत नाही, नुसती बटणं वाजतात. आणि बेंजोसमोर माइक होता.

खट खट खट. खट. खट खट.

एक क्षण कुणालाच कळलं नाही. मग सगळ्यांना एकदमच ‘कळलं’. एवढं रडवेलं वाजवून मध्येच टायपिस्ट. असा जबाब दुय्यमात कुणी दिला नव्हता. मंडप असा फुटला की कनात हलली. शिट्ट्या, टोप्या वर. इंद्रजितच्या चेहऱ्यावर तर जीव भांड्यात पडल्याचं समाधान: नागोरावनं त्याला माफ केलं होतं, थट्टा उचलून धरली होती. नागोरावचं तोंड एका बाजूला वाकडं झालं होतं, लोकांना वाटलं वाकुल्या दाखवतो आहे. ओळ संपली आणि हजार माणसं एका आवाजात ओरडली, ‘टिंग.’

आणि मी ढोलकवर थाप दिली. जोरात, खळखळून हसत.

तेवढ्यात दीपमाला उठलेली दिसली. तिनं सासूचा हात धरला आणि मागं वळून न बघता ती मंडपाबाहेर गेली. नागोराव बघत होता. त्याचा डावा हात थांबला.

मी वाकून विचारलं, ‘काय झालं बे?’ तो म्हणाला, ‘ऊं.’ ओठाच्या कोपऱ्यातून ओघळ आला होता. आमच्याकडं निम्म्या लोकांच्या तोंडात दिवसभर तंबाखू-सुपारीचा खर्रा असतो आणि खर्रा तोंडात असलेला माणूस ऊं एवढंच बोलतो. मी माझ्या रुमालानं त्याचं तोंड पुसलं आणि म्हटलं, ‘थुकून तं दे.’ त्याला पेटीच्या खोक्याला टेकवून बसवलं. इंद्रजितनं कानात विचारलं, ‘रुसला काय?’ मी म्हटलं, ‘पोरगी गेली नं उठून. बसू दे थोडा वेळ.’

आम्ही त्याला तीन तास तसंच बसवलं. बैठक मोडायची नव्हती ना. इंद्रजितनं एकामागून एक जबाब दिले, मी बेंजोशिवाय वेळ निभावून नेली, आणि साडेआठला आम्ही सामना जिंकलो. हार घालायला लोक स्टेजवर चढले तेव्हा नागोरावच्या गळ्यातही हार घातला. त्याची मान हाराच्या ओझ्यानं पुढं आली, ती वर झालीच नाही. तेव्हा रुपाली आपल्या स्टेजवरून उतरून धावत आली. तिनं त्याचा उजवा हात उचलून सोडून बघितला आणि म्हणाली, ‘अहो, यायले लकवा मारला. तुमाले दिसलं नाही काय?’

उमरखेडच्या दवाखान्यातून आम्हाला नांदेडला पाठवलं. पोचायला अकरा वाजले. डॉक्टर तरुण होता, ओरडला नाही. केव्हा झालं, विचारलं. मी साडेपाच म्हटलं. तो म्हणाला, साडेचार तासांच्या आत आणलं असतं तर एक इंजेक्शन देता आलं असतं. मग त्यानं विचारलं, ‘सोबत कुणी नव्हतं का?’ इंद्रजित बाहेर पायरीवर जाऊन बसला. त्यानंतर तो गायला नाही. पार्टी संपली.

नागोराव वाचला. उजवं अंग गेलं आणि बोलणं गेलं. समजतं सगळं. दीपमालानं त्याला उमरखेडला आपल्या घरी नेलं आणि जी सासू ‘टिंग’ म्हणायची तीच बाई त्याला चमच्यानं भरवते. मी दर रविवारी जातो. पहिल्या रविवारी दीपमाला दारातच म्हणाली, ‘काका, मी उठून गेली. मले वाटलं बाबानं मुद्दाम केलं.’ मी म्हटलं, ‘सगळ्यायलेच वाटलं, बाई.’ ती म्हणाली, ‘मी पोरगी होतो नं पण.’

सहा-सात महिन्यांनी एका रविवारी नागोरावनं डाव्या हातानं कपाटावरच्या बेंजोकडं बोट केलं. दीपमालानं तो काढला, पुसला आणि त्याच्या मांडीवर ठेवला. सासू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. नागोरावनं डावी बोटं बटणांवर ठेवली आणि दाबायला लागला. खट खट खट. खट. खट खट.

मी खाटेजवळच्या खुर्चीवर होतो. पहिली ओळ मी नुसतीच बघत राहिलो. दुसऱ्या ओळीला मी मोजायला लागलो. तीन जवळजवळ, एक लांब, मग पुन्हा दोन. आजीची चाल होती. सूर नव्हते, पण ठेका तोच, अडखळण्याची जागा तीच. आणि हीच खटखट मी ढाणकीच्या मंडपात ऐकली होती. नागोरावनं त्या दिवशी टायपिस्ट केलाच नव्हता. उजवा हात गेल्यावरही तो डाव्या हातानं लेकीसाठी तीच चाल वाजवत होता, ती उठून जाईपर्यंत. टाइपरायटरची खटखट एकसारखी असते, ही नव्हती. हजार लोकांना तो फरक कळणं शक्य नव्हतं. इंद्रजितलाही नाही. कळला असता तर एकाच माणसाला, महिनाभर रोज संध्याकाळी त्याच्यासमोर बसून तो ठेका शिकला होता त्याला. ठेका ओळखणं एवढंच माझं काम होतं, आणि मी हसत होतो.

ओळीच्या शेवटी, लांब जागेवर, नागोरावची बोटं थांबली. त्यानं माझ्याकडं बघितलं. तालमीत माझी थाप चुकल्यावर बघायचा तसं.

दीपमाला म्हणाली, ‘काका, थाप द्या न. वाट पाहून राह्यले ते.’

मी खुर्चीच्या हातावर दोन बोटांनी थाप दिली. बरोबर पडली. त्यानं उरलेली चाल पुरी केली, प्रत्येक ओळीला माझ्यासाठी थांबून, आणि प्रत्येक वेळी माझी थाप बरोबर पडली. संपल्यावर त्यानं डाव्या हातानं बेंजो मांडीवरून माझ्याकडं सरकवला आणि भिंतीकडं तोंड केलं.

बेंजो आता माझ्या घरी आहे. पेटीतल्या कापडाखाली ते प्रमाणपत्र अजून आहे. मी रविवारी जातो, बसतो, गावच्या गोष्टी सांगतो. तो ऐकतो. माझ्याकडं बघत नाही.